काचेवरचा माणूस

दाराचं हँडल हातात आलं तेव्हा मुंगीला आधी हसूच आलं. चहाचा रिकामा कप घेऊन ती स्वयंपाकघरात निघाली होती, नेहमीसारखं हँडल दाबलं, आणि हलणारा दात जिभेनं जरासा लोटावा नि तो अलगद निघून यावा तसं ते निघून आलं. आतला लोखंडी दांडा पलीकडे सरकला, बाहेरच्या फरशीवर पडला आणि घरंगळत गेला. त्याचा आवाज तिनं शेवटपर्यंत ऐकला. मग घर गप्प झालं. एका हातात कप, दुसऱ्या हातात हँडल, अशी ती बक्षीस समारंभात चुकून वर बोलावल्यासारखी उभी राहिली. समोर आता दार असं नव्हतंच. एक पांढरी फळी होती आणि तिला एक चौकोनी भोक. भोकाला डोळा लावला तर पलीकडच्या भिंतीचा नखाएवढा तुकडा दिसायचा. त्या भोकात तिनं आधी पेन्सिल घालून पाहिली, मग कंगव्याची शेपटी, मग कात्रीचं टोक. पेन्सिल मोडली, कंगवा वाकला, कात्री नुसतीच फिरत राहिली. हँडल सैल झालंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादा कधीचा म्हणत होता, बघतो एकदा. त्यावर वहिनी म्हणायची, तुमच्या 'बघतो'ला मी चांगली ओळखते, लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. वहिनी हॉस्पिटलात, तिची दिवसपाळी, आणि पाळीवर नर्सेसचे फोन कपाटात कुलूपबंद. दादा चष्म्याच्या काचा बदलायला गेला होता. तो बाहेर पडला की एका कामाला चार कामं चिकटवून येतो. म्हणजे आता वाट बघणं आलं.

खोलीला खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची, आणि भिंत इतकी जवळ की तिच्यावरच्या ओलीचे डाग मुंगीला पाठ झाले होते. त्या डागांत तिनं निरनिराळे प्राणी पाहिले होते, पुढे पुढे तेही दिसेनासे झाले. हाक मारली असती तर ती वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या धुण्यानंच काय ती ऐकली असती. ती परत खुर्चीत येऊन बसली. खुर्चीच्या पाठीला वहिनीनं जुनी उशी बांधून दिली होती, ती जिथे लागायला हवी तिथेच लागली. पाय टेबलाखालच्या आडव्या पट्टीवर आपसूक गेले. उजवा हात माउसवर गेला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की दार बंद झाल्यानं तिच्या दिवसात काडीचाही फरक पडलेला नाही. हँडल शाबूत असतं तरी कप ठेवून ती इथेच येऊन बसली असती, याच उशीला टेकून, संध्याकाळी वहिनी हाक मारीपर्यंत. छातीत काही धडधडलं नव्हतं. घाम फुटला नव्हता. आपण अडकलोय हे कळूनही शरीर कसं निवांत बसलं होतं, आणि त्या निवांतपणाचीच तिला एकदम भीती वाटली.

समोर पडदा उजळलेला होता. पडद्यावर आणखी एक पडदा: जुन्या कॉम्प्युटरचा, निळसर हिरवा, वर पिवळ्या फोल्डरांची रांग, खाली करड्या रंगाची पट्टी आणि पट्टीच्या टोकाला घड्याळ. त्या फोल्डरांवरून, खिडक्यांच्या कडांवरून उड्या मारत जाणारा एक माणूस. माणूस म्हणजे काय, मोजून बोटभर ठिपके. डोकं, धड, दोन पाय, आणि तोंडाच्या जागी काही नाही. दादा त्याला टिंगू म्हणायचा. टिंगूनं खिडकीच्या कडेवरून धावायचं, बाजूची सरकपट्टी लिफ्टसारखी वापरून वर जायचं, 'चूक झाली' असं म्हणत वरून कोसळणाऱ्या चौकटी चुकवायच्या, वाळूचं घड्याळ जवळ आलं की जिथल्या तिथे थिजायचं, कचऱ्याच्या टोपलीत पडलं की पुन्हा पहिल्यापासून. दादानं याचा कोड लिहायचा, मुंगीनं ठिपके भरायचे. असा तो खेळ. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती इथे आली ती काही महिन्यांपुरती. दादानं मागची खोली रिकामी करून दिली आणि म्हणाला, बसून काय करशील, मला चित्रं काढून दे. त्या चित्रांनी तिला तेव्हा वाचवलं होतं, हे खोटं नाही. एका ठिपक्याचा रंग किंचित गडद करावा की नाही यात अख्खी दुपार जाते आणि दुपारभर दुसरं काही आठवत नाही, हे औषध तिला कुठल्या डॉक्टरनं दिलं नसतं. पण औषध किती दिवस घ्यायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. बघता बघता वर्षं गेली. वहिनीच्या कानशिलाजवळ पांढरं दिसू लागलं. खेळ मात्र संपायला आला की दादाला त्यात काहीतरी सापडायचं. उडी जड वाटते. तिसऱ्या पडद्याचा निळा रंग डोळ्यांना बोचतो. आणि शेवट, शेवटच नाही पटत. टिंगू शेवटच्या पडद्यावर पोचला की अजून तरी नुसताच परत पहिल्या पडद्यावर जात होता.

आणि पुस्तकवाल्या बाई तिच्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. लग्नाआधी मुंगी ज्यांच्याकडे काम करायची त्या बाई आता दुसऱ्या शहरात लहान मुलांची पुस्तकं काढत होत्या. त्यांनी विचारलं होतं, येतेस का, चित्रांचं सगळं तूच बघ, लवकर कळव, मला पुढे माणूस बघायला बरं. त्यांनी दिलेली मुदत आज संध्याकाळी संपत होती. मुंगीनं हे फक्त वहिनीला सांगितलं होतं. वहिनी भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही, पण म्हणाली, "जा. तू गेलीस तर मला वाईट वाटेल, आणि नाही गेलीस तर जास्त वाटेल." मुंगी म्हणाली होती की खेळ पुरा झाला की जाते. त्यावर वहिनीनं नुसतं तिच्याकडे बघितलं. 'बघतो'कडे ती जशी बघायची तसं.

कॉम्प्युटरवरून दादाला निरोप धाडता येईल हे तिला फार उशिरा सुचलं, आणि सुचल्यावरही बोटं लगेच हलली नाहीत. मग तिनं लिहिलं: हँडल निघालं. आत अडकलेय. ये. उत्तर लगेच आलं. आलोच. तोवर सातव्या पडद्याचे रंग परत एकदा बघून टाक, आयती संधी आहे. पुढे हसरा चेहरा. तो पिवळा गोल चेहरा तिनं बराच वेळ पाहिला. दादाची थट्टा अशीच असते, त्यात वाईट काही नसतं. लहानपणी तो तिच्या ताटातला शेवटचा घास पळवायचा आणि मग आपल्या ताटातला तिला द्यायचा. तरी ते 'आयती संधी' काट्यासारखं रुतून बसलं. कारण तिला तो दिसला: चष्म्याच्या दुकानात फोन खिशात घालणारा, आणि मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, स्वतःलाही कळू न देता, हुश्श करणारा. आज ती कुठे जात नाही.

दोघांना बंद दाराची सवय जुनी होती. आई एका कचेरीत टाइपिस्ट होती. सुट्टी लागली की ती दोघांना घरात ठेवून बाहेरून कडी घालायची आणि जाताना दारातून म्हणायची, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. कचेरीत टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा आईचं वय शिकायचं राहिलं नव्हतं, पण शिकली. सरावासाठी एक जुना, काढून टाकलेला कॉम्प्युटर घरी आला. तो एवढा थोरला की जेवायचं टेबल त्यानंच अडवलं. रात्रीची भांडी आवरून आई त्याच्यासमोर बसायची, ओठ घट्ट मिटून, एक बोट माउसवर, जणू तो चावेल. दिवसा मात्र तो दोघांचा. त्याच्यावर खेळ एकही नव्हता. पण त्याची फुगीर काच हाताचे केस ओढून घ्यायची, आणि दादाला कधीतरी शोध लागला की पातळ कागदाचा कपटा त्या काचेला चिकटून राहतो, डिंक नको, काही नको. मिठाईच्या खोक्यातला झिरझिरीत कागद कातरून त्यानं एक माणूस केला. तो काचेवर बसला. मग एका बोटानं त्याला सरकवत या फोल्डरवरून त्या फोल्डरवर, पट्टीवरून घड्याळाच्या माथ्यावर. दादा उड्यांचे आवाज तोंडानं काढायचा, मुंगी संकटं व्हायची. दुपारच्या दुपारी अशा गेल्या. आत कोंडलेल्या दोन मुलांनी काचेवर आणखी एकाला कोंडून ठेवलं होतं, पण हे तेव्हा कुणाच्याच मनात आलं नसणार. एकदा मध्येच वीज गेली. काच काळी झाली, आणि कागदी माणूस क्षणभर तसाच राहून मग सुटला. पडला नाही, तरंगत, वळत, टेबलावरून खाली, फरशीवर. मुंगी रडायला लागली. मेला, म्हणाली. दादानं त्याला तळहातावर घेतलं. मेला नाही, सुटला, असं तो म्हणाला आणि खिडकीच्या गजांमधून त्यानं त्याला फुंकर मारून घालवून दिलं. दुसऱ्या दिवशी नवा माणूस कातरला, ती गोष्ट वेगळी.

शेवटच्या पडद्यावरून कितीदा वाद झाले होते. मुंगीचं म्हणणं, खेळणाऱ्यानंच तो खोटा कॉम्प्युटर बंद करायचा. पडदा काळा होईल आणि टिंगू काचेवरून सुटून खाली येईल. दादा म्हणायचा, जिंकण्यासाठी खेळ बंद करायला लावायचा म्हणजे जेवायला बोलावून ताट ओढून घेणं. आणि मग विषय उडी जड वाटण्यावर जायचा. आज तिनं सातवा पडदा बाजूला सारला. काळा पडदा घेतला आणि त्यावर टिंगूचं पडणं काढायला लागली. आधी सरळ. मग एक पाय वर. मग कागदासारखा दुमडलेला, मग पाठमोरा, मग पुन्हा उलगडलेला, प्रत्येक चित्रात जरासा खाली. ठिपके इतके थोडे की एक इकडचा तिकडे झाला तर माणूस दगडासारखा आपटायचा. तिला तो आपटायला नको होता. हात सावकाश चालले होते, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला चित्र काढताना काही विसरायचं नव्हतं. उलट सगळं जवळ येऊन बसलं होतं. आईच्या ओल्या हातांचा वास, कडीचा आवाज, नवऱ्याच्या घराच्या दारावरची घंटा, जी तिथून निघाल्यानंतर कितीतरी दिवस कानात वाजायची. खुर्चीतली उशी टोचायला लागली तेव्हा कुठे आपण वाकून बसलोय हे तिला कळलं. चित्रं झाली. ती खेळात आपल्या जागी बसवणं तिला येत होतं, ते केलं. एकदा स्वतः खेळून पाहिलं. टिंगू पडला तेव्हा तिनं नकळत हात पुढे केला होता.

"झालं का?"

आवाज दारापलीकडून आला, आणि तोही खालून, जमिनीलगत. मुंगी दचकली. पुढच्या दाराची किल्ली फिरल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

"केव्हा आलास?"

"झाला थोडा वेळ."

"मग हाक नाही मारलीस?"

"तुझा माउस ऐकत बसलो होतो," दादा म्हणाला.

तो दाराला पाठ टेकून बसला असावा. आवाज फळीतून आल्यासारखा येत होता. तिनं दार उघडायला सांगितलं. तो हो म्हणाला, पण उठल्याचा आवाज आला नाही. मग चष्म्याच्या दुकानातली गर्दी, मग वाटेत भेटलेला जुन्या ऑफिसातला कुणीतरी, असं काहीबाही तो सांगत राहिला. तीही दाराशी येऊन खाली बसली. फळीच्या दोन बाजूंना दोघांच्या पाठी.

"बाईंना कळवलंस का?" त्यानं विचारलं.

म्हणजे वहिनीनं सांगितलं होतं. मुंगीला राग यायला हवा होता, पण हलकंच वाटलं.

"अजून नाही."

"तू गेलीस की हे अर्धंच राहील, मुंगे."

"मी असून तरी कुठे होतंय."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. मग दादा हळू, जवळजवळ स्वतःशी बोलू लागला. तो वाटेत भेटलेला माणूस. त्यानं विचारलं, हल्ली काय करता. "मी म्हटलं, गेम करतो. किती बरं वाटतं ते म्हणायला. पुरा झाल्यावर काय म्हणू? केला होता?" तो हसला असावा. "माझ्याकडे दुसरं काही नाही. तुझ्याकडे हात आहे, तू कुठेही काढशील. मला एवढंच सुचलं आयुष्यात, तेही लहानपणी."

मुंगीला वळून त्याच्याकडे बघायचं होतं, आणि मध्ये फळी होती. हा इतका जवळ बसून असं कधी बोलला नसता, समोरासमोर तर नाहीच. तिला वाटत आलं होतं की दादा तिला धरून ठेवतोय. आता दिसलं की बुडणारा माणूस धरतो तसं हे धरणं आहे. त्याचा राग धरता येत नाही, पण हात सोडवून घ्यावा लागतोच, नाहीतर दोघं जातात.

"दादा, मी शेवटचा पडदा काढलाय."

"कसला?"

"तो पडतो."

"बंद केल्यावर?"

"हो."

"लोकांना वाटेल खेळ बिघडला."

"वाटू दे की घटकाभर. मग कळेल."

तो उठला, गुडघ्याची हाडं वाजली, आणि स्वयंपाकघरातला खण उघडल्याचं ऐकू आलं. परत आला. बाहेर पडलेला दांडा त्यानं भोकात घालून पाहिला, पण तोही कात्रीसारखा नुसताच फिरला. मग बाहेरच्या अंगाला असलेल्या बिजागरीला स्क्रू-ड्रायव्हर लागला आणि पहिला स्क्रू कुरकुरत फिरू लागला. मुंगी खुर्चीकडे गेली, बसली नाही, उभ्यानंच टेबलावर वाकली. खेळ लोकांपुढे ठेवायची सगळी तयारी कितीतरी महिने होऊन पडली होती. नाव, चित्रं, माहिती, सगळं. शेवटचं एक बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं, आणि दादा दर वेळी म्हणायचा, बघतो.

"दादा," ती म्हणाली. "मी आता हा सोडते आहे. नको असेल तर आत्ता सांग. बघतो म्हणू नकोस."

स्क्रूचा आवाज थांबला.

ती थांबली. भिंतीवरचे डाग खिडकीतून आत बघत होते. दार म्हणजे एक पांढरी फळी, भोकात त्याच्या शर्टाचा रंग. तो तिथेच होता. 'नको' हा केवढासा शब्द, तो तिच्यासाठी तयार होता, आणि ती मनातल्या मनात थोडीशी त्याची वाटही बघत होती, हे तिला कळत होतं. दादानं 'नको' म्हटलं असतं तर ती थांबली असती, बाईंना नाही कळवलं असतं, उशीला टेकून बसली असती, आणि दोष दादाचा झाला असता. दादा खाकरला. पण बोलला नाही. मुंगीनं बटण दाबलं.

काही झालं नाही. पडद्यावर एक ओळ उमटली, एवढंच. थोड्या वेळानं स्क्रू पुन्हा फिरू लागला.

दार निघालं ते बिजागरीसकट, एका बाजूला कलंडलं, आणि दादानं ते छातीवर तोलून भिंतीला टेकवलं. नव्या काचांमागून त्यानं आधी पडद्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

"तुझे केस पिकलेत की गं," तो म्हणाला.

"केव्हाचे."

"मला दिसलेच नाहीत."

तो आत आला, ती बाहेर गेली. चौकटीत दोघांना एकमेकांच्या अंगाला अंग घासून जावं लागलं. स्वयंपाकघरात ती आधी पोटभर पाणी प्यायली, आणि मग तिनं उभ्याउभ्याच फोनवर बाईंना लिहिलं की येते. पाठवल्यावर फोन उपडा ठेवला. सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं. उलट स्वयंपाकघर जरा जास्तच मोठं वाटत होतं, आणि कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं. मग भूक लागल्याचं कळलं, तसं तिनं सकाळचं झाकून ठेवलेलं गरम केलं आणि दोन ताटं घेतली.

"मुंगे," आतून दादाची हाक आली, "कुणीतरी शिरलंय."

कोण कुठवर पोचलं एवढं बाहेरून दिसायची सोय त्यानं खेळात करून ठेवली होती. तिनं कोण म्हणून विचारलं. काय माहीत, तो म्हणाला, पहिल्या पडद्यावर आहे, टोपलीत पडतोय सारखा. ती आतल्या चौकटीपर्यंत गेली. दादा तिच्या खुर्चीत बसला होता, उशीला न टेकता, पुढे वाकून, हात दोन्ही मांड्यांमध्ये धरून, आणि पुटपुटत होता, उजवीकडून, अरे उजवीकडून. कुठल्या गावातला, कुठल्या भाषेतला कुणी तो, त्याला हे ऐकू जाणार नव्हतं. दादाच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला होता आणि चेहरा असा दिसत होता की मुंगीला त्याचं वय सांगता आलं नसतं.

"जेवायला चल."

"हो. जरा दुसऱ्यावर जाऊ दे त्याला."

"तो गेला तरी तुला काय करता येणार?"

"काहीच नाही," दादा म्हणाला, पण उठला नाही.

ती थोडा वेळ चौकटीशी उभी राहिली. पूर्वी अशा वेळी ती ताट आत नेऊन द्यायची, कीबोर्ड सरकवून जागा करायची, आणि मग स्वतःही तिथेच स्टुलावर बसून जेवायची, डोळे पडद्यावर ठेवून. आताही हात ताटाकडे जाणार होता. ती परत आली. दादाचं ताट झाकून ठेवलं आणि आपल्या ताटासमोर बसली. आतून तो म्हणाला, गेला, गेला दुसऱ्यावर. मुंगी हं म्हणाली आणि त्याची वाट न बघता तिनं पहिला घास घेतला.